नारिंगी कपॅसिटर

“बाकीचे काय हवे ते बदल,” अप्पा म्हणाले, “त्या नारिंगीला मात्र हात लावू नकोस. तो सुहासचा आहे.”

कॅल्क्युलेटर जेवणाच्या टेबलावर उघडा पडला होता. झाकण उलटं करून त्यात मी स्क्रू ठेवले होते. अप्पा माझ्या शेजारी, मान एका बाजूला वळवून बसले होते. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग निकामी झाला होता. समोर पाहिलं की मध्ये नुसता करडा डाग आणि कडेनं थोडं जग. त्यामुळे जे पाहायचं असेल त्याच्याकडून ते तोंड फिरवून बसत. नव्या माणसाला वाटे, म्हातारा रागावलाय.

आयुष्यभर त्यांनी भिंगांची गणितं केली. साताऱ्याबाहेरच्या एका लहान कारखान्यात दुर्बिणी होत असत. काचेत शिरलेला किरण कुठे वळेल आणि कुठून बाहेर पडेल हे आकड्यांनी शोधून काढायचं, हे अप्पांचं काम. कारखाना बंद पडला तेव्हा बाकीच्यांनी कपाटं नेली, पंखे नेले. अप्पांनी हे यंत्र मागून घेतलं. टाइपरायटरएवढं, जपानी, उचलायला दोन हात लागत. प्रत्येक आकड्याला काचेची वेगळी नळी आणि तिच्यात हिरवा-निळा उजेड. तो उजेड ते कडेच्या नजरेनं अजून वाचू शकले असते. वर्तमानपत्र गेलं होतं, घड्याळ गेलं होतं. हे आकडे राहतील अशी त्यांची आशा होती. पण यंत्रच सहा-सात वर्षं बंद होतं. दर खेपेला सुहास म्हणायचा, पुढच्या वेळी आलो की ताई आणि मी मिळून उघडू.

“फेब्रुवारीत येईल तेव्हा चालू दिसलं पाहिजे,” अप्पा म्हणाले.

मी हो म्हटलं. सुहासला जाऊन तेव्हा पाच आठवडे झाले होते.

माझा भाऊ परदेशात, एडमंटनला, झोपेत गेला. त्याच्या बायकोचा, अलकाचा फोन आला तेव्हा अप्पांना हृदयविकाराच्या झटक्यातून उठून महिनाही झाला नव्हता. डॉक्टरांनी बजावलं होतं, काही महिने कसलाही धक्का नको. सांगायचं नाही हे शरयूआत्यानं ठरवलं. अप्पांची ही धाकटी बहीण. लग्न केलं नाही, शाळेत चित्रकला शिकवली. आमची आई गेली तेव्हा सुहास तीन वर्षांचा होता आणि त्याला वाढवला तो आत्यानं. तिनं ठरवल्यावर मी वाद घातला नाही.

ते जमणं फारसं अवघड नव्हतं, हेच वाईट होतं. अप्पांना फोनवरचं ऐकू येईनासं झाल्यापासून सुहास बोलत नसे, लिहीत असे. दर रविवारी त्याचा मेसेज आत्याच्या फोनवर येई, ती तो अप्पांच्या डाव्या कानाशी मोठ्यानं वाचे, अप्पा उत्तर सांगत आणि ती टाइप करी. आता मेसेज येत नव्हता. वाचणं चालू राहिलं. शनिवारी संध्याकाळी भाजी निवडताना आत्या मनात जुळवाजुळव करी. तिकडे बर्फ पडलं, गाडीचं टायर बदललं, अलकाला सर्दी झाली. सुतक लपून पाळलं. दहा दिवस देवापुढे दिवा लागला नाही. आत्यानं गुडघ्याचं कारण सांगितलं. मी पुण्यात एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होते आणि दर शनिवारी साताऱ्याला येत होते. खंबाटकीचा घाट उतरला की गाडी बाजूला घ्यायची, तोंड धुवायचं, मग पुढे यायचं. आत्याला मात्र मी एकदाही रडताना पाहिलं नाही. ती कढईत काही तळत असावी तशी सतत कामात असे.

मी यंत्र लगेच लावलं नव्हतं. इतकी वर्षं पडून राहिलेलं जुनं यंत्र एकदम विजेला जोडायचं नसतं. आतले कपॅसिटर सुकलेले असतात. वीज साठवून ती सारखी, न थरथरता पुढे पाठवायची हे त्यांचं काम. सुकलेला कपॅसिटर ते करत नाही, कधी कधी उलटा सगळी वीज गिळतो आणि जाताना ट्रान्सफॉर्मर घेऊन जातो. कपॅसिटर बाजारात मिळतात. तो ट्रान्सफॉर्मर आता जगात कुठे मिळणार नव्हता.

म्हणून मी सगळे कपॅसिटर तपासून, यादी डोक्यात ठेवून पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेले होते. दुकानदार माझ्या ओळखीचा, कॉलेजच्या प्रयोगशाळेचं सामान त्याच्याकडूनच यायचं. हे सगळं एका कॅल्क्युलेटरसाठी, हे कळल्यावर तो म्हणाला, “मॅडम, मोबाइलमध्ये फुकट असतो की. दाखवू का कुठे असतो?” पण माल त्यानं नीट दिला. जास्त उष्णता सोसणारे, ताज्या तारखेचे.

अप्पांना हे सगळं ऐकायचं असे. एकेक काढताना मी त्यांच्या कानाशी सांगत होते. साठवणुकीचा आकडा जुन्याइतकाच घ्यायचा. व्होल्टचा आकडा मात्र पुढचा घ्यायचा. जास्तीचा चालतो, कमीचा चालत नाही. जिथे सहा-सात व्होल्ट येतात तिथे मी सोळाचे आणले होते. जिथे चोवीस येतात तिथे पस्तीसचे.

“आणि पाय?”

“जुन्यावर अधिकची खूण आहे, नव्यावर उण्याची. दोनदा बघते.”

“तीनदा बघ,” अप्पा म्हणाले आणि खूश झाले. माझ्याशी बोलताना ते असेच खूश होत, एखादा पेपर तपासून झाल्यासारखे. सुहासशी बोलताना वेगळे होत. त्याच्याशी ते भांडत.

निळ्या कपॅसिटरच्या रांगेत तो एकटा नारिंगी उठून दिसत होता. सुहास सोळा वर्षांचा असताना त्यानं तो बसवला, एवढं मला माहीत होतं; मी तेव्हा पुण्याला हॉस्टेलवर होते. कारखान्यानं नवं यंत्र घेतलं आणि हे जुनं कामासाठी अप्पांना घरी ठेवू दिलं. अप्पा चार दिवस मुंबईला गेले आणि यंत्र बंद पडलं. सुहासनं ते परस्पर उघडलं आणि चालू केलं. आमच्या घरातली ही मोठी गोष्ट होती. पाहुण्यांना सांगितली जाई.

“केवढ्याचा आहे गं तो?” अप्पांनी विचारलं.

मी वाकून पाहू लागले तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं. “तू नको सांगूस. सुहासला विचार. बघू त्याला आठवतंय का.”

आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं.

नंतर ओट्यापाशी तिनं हळू आवाजात विचारलं, याचं उत्तर काय द्यायचं. मी म्हटलं, आठवत नाही असं वाच. ती म्हणाली, त्याला न आठवणारं काही होतं का कधी. पहिल्या सायकलचा नंबर आठवायचा त्याला. ते खरंच होतं. मी बाहेर आले, भिंग घेऊन नारिंगी कपॅसिटरवरची पुसट झालेली अक्षरं नीट वाचली आणि आत जाऊन तिला सांगितली. तिनं ती दोनदा म्हणून पाठ केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फोन घेऊन अप्पांच्या डाव्या बाजूला बसली. “अप्पा, थंडी फार आहे. काल उणे वीस. अलका बरी आहे. तुमचं यंत्र ताई उघडतेय हे कळलं. माझा कपॅसिटर शंभर मायक्रोफॅरॅड, पस्तीस व्होल्ट. बरोबर ना?”

अप्पांनी मान वळवली, आत्याकडून दूर, म्हणजे तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“उत्तर काय लिहू, दादा?”

“बरोबर म्हण,” अप्पा म्हणाले. मग पडायला जातो म्हणाले. सकाळचे नऊ वाजले होते. आत्यानं मला खुणेनं विचारलं, छातीत दुखतंय का विचार. मी आत जाऊन विचारलं. ते नाही म्हणाले.

पुढच्या शनिवारी मी आले तेव्हा घरात बोलणं कमी झालेलं जाणवलं. आत्या म्हणाली, जेवतो नीट, फक्त गप्प असतो. यंत्र लवकर दुरुस्त कर म्हणजे मन रमेल. ती मंडईत गेली. मी टेबलाशी बसले. निळे सगळे बदलून झाले होते. नारिंगीचा एक पाय मी सोडवला आणि तो मीटरवर घेतला. मला भीती होती तेच झालं होतं. तो वीज धरत नव्हता.

अप्पांना कसं सांगायचं याचा मी थोडा वेळ विचार केला. मग सरळ सांगितलं, कारण त्यांना तसंच आवडे. “अप्पा, नारिंगीसुद्धा गेलाय. ठेवला तर ट्रान्सफॉर्मर जाईल.”

“मग बदल.”

“सुहासचा आहे म्हणून तुम्ही...”

“तो सुहासचा नाही.”

मला वाटलं, त्यांचा काही गोंधळ होतोय. ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. म्हणजे मी त्यांच्या नजरेच्या कडेला होते.

“मी मुंबईहून आलो,” ते म्हणाले, “तर हा दारातच उभा. चला, बघा म्हणाला. सगळे आठ लावून ठेवले होते त्यानं.”

ते आठ मला माहीत होते. अप्पा रोज यंत्र चालू केल्यावर आधी एकच गुणाकार करत. आठ गाळून एकपासून नऊपर्यंतचे आकडे ओळीनं, गुणिले बाहत्तर. उत्तरात सगळे आठच येतात, आणि आठ लिहायला नळीतली प्रत्येक रेघ पेटावी लागते. एखादी रेघ मेली असेल तर लगेच कळतं.

“झाकण उघडून पाहिलं. कुठल्याशा मोडक्या रेडिओतला काढून लावलेला. सोळा व्होल्टचा. जागा चोविसाची. अंगाला हात लावला तर चटका बसत होता. संध्याकाळपर्यंत फुटला असता. सुहास इतका खूश होता. मी शाबास म्हटलं. तो शाळेत गेल्यावर गावातल्या सगळ्या रेडिओवाल्यांकडे हिंडलो. पस्तीसचे होते पुष्कळ, पण नारिंगी नव्हता कुणाकडे. शेवटी मोती चौकातल्या बागवान रेडिओवाल्यानं एका जुन्या सेटमधला काढून दिला. तो हा. मी लावला. सुहासचा मी फेकून दिला.”

“त्याला सांगितलं नाहीत?”

“काय सांगायचं? दर खेपेला इथे टेबलाशी उभा राहून माझ्या कानात म्हणायचा, अप्पा, सोळाचा लावला आणि चोविसावर चालवला, तुमची पुस्तकं काही म्हणोत. बत्तीस वर्षं म्हणत होता. मी भांडायचो. असं होऊच शकत नाही म्हणायचो. तो म्हणायचा, चालतंय ना पण.”

बाहेर रस्त्यावर गॅस सिलिंडरची गाडी उभी होती. माणूस सिलिंडर उतरवत होता, त्याचा आवाज येत राहिला.

“कुणीही, कधीही विचारलं असतं,” अप्पा म्हणाले, “तरी तो सोळाच म्हणाला असता.”

मी हातातला सोल्डरिंगचा दांडा स्टँडमध्ये ठेवला.

“देवापुढे दिवा नव्हता तेव्हा मला वाटलं, गुडघा असेल,” ते म्हणाले. “कधी गेला?”

मी सांगितलं. कसा, तेही सांगितलं. झोपेत का, एवढं त्यांनी पुन्हा विचारलं. मी त्यांच्या नाडीवर बोटं ठेवली होती. त्यांनी ती राहू दिली. नाडी जलद होती पण नीट होती. माझ्याच डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्यांना दिसत नव्हतं असं मला वाटत होतं. त्यांनी खिशातला रुमाल काढून माझ्या बाजूला सरकवला.

“आत्याला...” मी म्हटलं.

“तू बोलू नकोस काही. तिचं मी बघतो.” मग जरा वेळानं ते म्हणाले, “तुझ्या पिशवीत सोळाचा आहे ना?”

“आहे. पण तो या जागेवरचा नाही.”

“लाव.”

“अप्पा, टिकणार नाही.”

“किती वेळ?”

“सांगता येत नाही. गरम होईल, आणि मग जाईल.”

“मला माहीत आहे काय होईल. लाव.”

अशी गोष्ट मी कधी केली नव्हती. विद्यार्थ्यांनी केली तर प्रयोगाचे गुण कापत असे. मी उठून पाणी प्याले. मग पिशवीतून सोळाचा काढला. तो काळा होता आणि नारिंगीच्या अर्ध्यानं लहान. त्याचे पाय जुन्या भोकांपर्यंत पोचायला वाकवावे लागले. खूण तीनदा पाहिली आणि डाग दिला. नारिंगी काढून अप्पांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो शर्टाच्या खिशात टाकला.

रविवारी सकाळी अप्पांनी आत्याला सांगितलं, आज वाचन संध्याकाळी, यंत्र चालू करू तेव्हा. तिला ते आवडलं. तिनं गोडाचा शिराही केला, आणि स्वतः घेतला नाही.

दिवस कलला तशी मी तयारी केली. फुटला तर आतच फुटावा म्हणून झाकण लावून स्क्रू घट्ट केले. यंत्र थेट भिंतीत न लावता सिरीज बोर्डवर घेतलं. हा दुरुस्ती करणाऱ्यांचा साधा बंदोबस्त असतो: लाकडी फळीवर एक बल्ब, आणि वीज त्या बल्बातून यंत्राकडे. यंत्र नीट असेल तर बल्ब जेमतेम लाल होतो. यंत्रात काही जळून एक झालं, तर ती सगळी वीज बल्ब आपल्या अंगावर घेतो, ट्रान्सफॉर्मर वाचतो. अप्पांची खुर्ची मी मागे ओढली. त्यांनी ती पुढे घेतली.

बटण दाबलं. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला. काचेच्या नळ्या हिरव्या झाल्या. अप्पांनी आकडे चाचपून दाबले, गुणिले, बाहत्तर, बरोबर. आठांची रांग उभी राहिली.

“दिसतात?” मी विचारलं.

त्यांनी मान भिंतीकडे वळवली. “दिसतात. सगळ्या रेघा आहेत.”

आत्या फोन घेऊन आली, दिवा लावायला हात वर केला. अप्पा म्हणाले, नको. ती त्यांच्या डाव्या बाजूला बसली आणि सुरुवात करणार तोच त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला.

“आज आधी माझं लिही.”

“सांग.”

“लिही. सुहास, आज तुझा सोळाचा परत लावलाय. चालतोय.” ती टाइप करत होती. “पस्तीसचा मी लावला होता, तू शाळेत गेल्यावर. तुला कधी बोललो नाही.”

आत्याची बोटं थांबली. “पस्तीस तर तोच म्हणाला ना, दादा. मागच्या रविवारी.”

“तो सोळा म्हणाला असता, शरयू.”

फोनचा उजेड तिच्या हनुवटीवर पडला होता. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मी खाली पाहिलं. मग तिनं राहिलेली ओळ टाइप केली. सावकाश, प्रत्येक अक्षर शोधून, शाळेत फळ्यावर लिहायची तशी.

“पाठवू?”

“पाठव.”

तिनं पाठवला. कुणाला, हे मी त्या वेळी पाहिलं. ती इतके आठवडे अप्पांची सगळी उत्तरं खरोखर सुहासच्या नंबरावर पाठवत होती. एकाखाली एक, प्रत्येकापुढे एकच खूण. दुसरी उमटलेली नव्हती.

यंत्रातून मासळीसारखा किंचित वास येऊ लागला. मी स्विचकडे हात नेला.

“राहू दे,” अप्पा म्हणाले.

“किती वेळ चालेल गं हे?” आत्यानं मला विचारलं.

“सांगता येत नाही.”

तिनं फोन पालथा ठेवला. खुर्ची ओढून अप्पांच्या आणि माझ्या मध्ये घेतली आणि हात मांडीवर ठेवून बसली. खिडकीतून अजिंक्यतारा काळा होत गेला. शिरा ताटलीत तसाच होता. आम्ही तिघं आठांकडे पाहत होतो. अप्पा भिंतीकडे तोंड करून.

आधी आठ थरथरले. मग आत काहीतरी बारीक फुटल्याचा आवाज झाला, नळ्या एकदम काळ्या पडल्या आणि फळीवरचा बल्ब पूर्ण पेटला. इतका वेळ अंधारात बसल्यावर तो फार प्रखर वाटला. त्या उजेडात मला आत्याचा चेहरा दिसला. तिनं पदर तोंडावर घेतला नव्हता. तिला हुंदके येत होते, आवाज करून, आणि अप्पांनी तिचं डोकं आपल्या खांद्याशी धरलं होतं.

स्विच बंद करायचं माझं काम होतं. मी ते केलं नाही.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात अप्पा गेले. यंत्र आता माझ्याकडे पुण्याला आहे, ट्रान्सफॉर्मर चांगला आहे. पस्तीसचा एक ताजा कपॅसिटर मी आणून ठेवला आहे. तो काळा आहे. नारिंगी मिळाला तर पाहते आहे.